चौथी कलाली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, ज्यांच्याबरोबर प्यालो त्यांना तर नाहीच. तुम्हालाच का सांगतोय, ते विचारू नका — मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी ती एक सबबच झाली असती.

तसा मी न बोलणाऱ्यांतला नव्हे. उलटंच. इंदुरात आपली मराठी मंडळी जमली — मुंज असो, साठीशांत असो, दिवाळीचा फराळ असो — की कुणीतरी म्हणतंच, "काका, ते तुमचं कलालीपुराण होऊन जाऊ द्या!" आणि काका सुरू. मध्यभारताच्या काळातल्या इंदूरच्या दारूच्या दुकानांची तुलना. आमच्याकडे दारूच्या ठेक्याला कलाली म्हणतात. कुठली कलाली कशी, माल कसा, भाव काय, कोण तिथं बसे आणि कोण तिथं पडे, हे सगळं मी हातवारे करून सांगतो. बायका तोंडाला पदर लावून हसतात. पोरं म्हणतात, काकांची मेमरी काय आहे!

मी तीन कलाल्या सांगतो. होत्या चार. चौथी मी एकदाही सांगितलेली नाही, आणि ती गळली हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. लोक टाळ्या देतात. त्या टाळ्यांचा मला संताप येतो. त्याहून संताप येतो तो त्या काकांचा — जे टाळी घेतात.

बरं, आधी तीन ऐकून घ्या. त्याशिवाय चौथी कळायची नाही. की मी पुन्हा टाळतोय? टाळतच असेन. तरी ऐका.

पहिली पोलोग्राउंडची, कारखान्यांच्या अंगाला. तिथं बसायची सोयच नव्हती. बाकडं ठेवलं तर माणूस बसतो, बसला की बोलतो, बोलत राहिला की मागचे खोळंबतात — हे ठेकेदाराचं शास्त्र. पाळी सुटली की लेथवरचे कामगार काळ्या हातांनी यायचे, उभ्याउभ्या एका दमात घशाखाली ओतायचे, जिभेवर चिमूटभर मीठ टाकायचे आणि चालू पडायचे. त्याला पिणं म्हणत नाहीत, औषध घेणं म्हणतात. चार आण्यांत काम व्हायचं, कारण पाण्याच्या बाबतीत ठेकेदाराचा हात सढळ होता. तिथं दारूपेक्षा ग्रिसाचा वास जास्त चढे.

दुसरी छावणीतली. तिला कलाली म्हटलेलं मालकाला खपत नसे, बार म्हणायचं. महूच्या फौजी मेसमध्ये बटलर असलेला एक म्हातारा ती चालवी. टेबलावर चादर, सोड्याची बाटली, आणि रम किंवा व्हिस्की अशी मोजून, की डोळ्यांत घालायचे थेंब वाटावेत. तिथल्या एका पेगाच्या पैशांत जुन्या इंदुरात, म्हणजे नदीकाठच्या जुन्या वस्तीत, चार दिवस निघाले असते. आपले लोक तिथं फक्त पगाराच्या दिवशी दिसत. दुसऱ्या पेगानंतर सगळे इंग्रजी बोलू लागत, आणि तिसऱ्यानंतरचं इंग्रजी खुद्द इंग्रजालाही कळलं नसतं.

तिसरी स्टेशनाच्या मागची, एका पैलवानाची. तिथली दारू बडीशेप घालून गोड केलेली — म्हणजे मूळ माल कसला असेल ते समजा. दुसऱ्या दिवशी डोक्यात घण पडत. पण शेव! लवंगेची, ताजी, कढईतून उतरल्याउतरल्या. ती शेव खायला न पिणारे यायचे आणि पिणारे होऊन जायचे. रोज कुणीतरी कुणाच्या गळ्यात पडे, नाहीतर कुणाचा गळा धरी. पैलवान दोन्ही सोडवी. चखणा पहिला नंबर, दारू शेवटचा, करमणूक फुकट.

इथं मी थांबतो. लोक हसून हसून बेजार झालेले असतात. कुणीतरी चहा आणतं.

आता चौथी.

जुन्या इंदुरात नदीकडे उतरणारी एक गल्ली होती. त्या उतारावर भूरीबाईची कलाली. नवरा गेल्यावर ठेका तिच्या नावावर झाला होता आणि ती धाकट्या भावाच्या, गेंदालालच्या मदतीनं तो चालवी. बाई पस्तिशी-चाळिशीची, गोरी, धिप्पाड, आवाज असा की नदीपलीकडच्या धोब्याला ऐकू जावा. जमीन सारवलेली. भिंतीशी पितळेचे पेले ओळीनं मांडलेले, लखलखीत घासलेले. दारात शेंदूर फासलेला भेरूजी, म्हणजे आपला भैरोबा. सकाळी दुकान उघडलं की पहिली धार भेरूजीच्या पुढ्यात, मग गिऱ्हाईकाला. मोहाची दारू, पाणी नाही, बडीशेप नाही, काही नाही. पोलोग्राउंडपेक्षा एक आणा जास्त पडे. द्यायला कुणी कुरकुरत नसे. तिच्याकडे हमाल बसत, टांगेवाले बसत, एक म्हातारे देवळातले पखवाजवालेही बसत, आणि कुणी कुणाचा गळा धरत नसे. चारांत पहिली. निर्विवाद पहिली. हे मी आज पहिल्यांदा म्हणतोय.

तिची एक रीत होती. तुम्हाला किती पुरे हे तुम्ही नाही ठरवायचं, ती ठरवणार. पुरे झालं असं तिला वाटलं की ती उठायची, तुमच्यापुढचा पेला उचलायची आणि तुमच्याचसमोर उपडा ठेवायची. झालं. मग तुम्ही रडा, शिव्या द्या, दुप्पट पैसे काढा — तो पेला त्या दिवशी सुलटा होत नसे. भलेभले मुकाट उठून घरी जात. जुन्या इंदुरात म्हणच पडली होती, "उसका पेला उलट गया", म्हणजे गड्याची मर्यादा झाली. लग्नात कुणी फार बोलू लागला तरी म्हणायचे, अरे, याचा पेला उलटा करा रे कुणीतरी.

आता माझं सांगतो. माझे वडील होळकर सरकारात खजिन्याकडे होते. राज्य गेलं, मध्यभारत झालं, सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला राहू लागलं आणि मला त्या सरकारात कारकुनी मिळाली. वडील नव्हते, पण त्यांची पगडी घरात खुंटीला होती, आणि तिचा ताठा माझ्या डोक्यात. काम शून्य, ऐट दिवाणाची. आणि मला एक ख्याती होती — जिभेची. कुठल्याही कलालीतला घोट द्या, मी दुकान ओळखून दाखवी. ऑफिसात मला पारखी म्हणत. काय ही ख्याती! पण माणसाला ख्याती लागते हो, मग ती कशाचीही असो.

एका शुक्रवारी मी भूरीबाईकडे यायच्या आधीच पैलवानाकडे पिऊन आलो होतो. तिला पत्ता लागू दिला नाही. तिच्याकडे वर दोन घेतले, उठलो, आणि उताराच्या तळाशी गटारात पडलो. गेंदालालनं मला पाठुंगळी मारून घरी नेलं. माझ्या बायकोनं त्याला पाणी दिलं, लाडू दिला आणि त्याच्या हाती भूरीबाईला निरोप दिला, "ताईंना सांगा, उपकार झाले." हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी बायकोवर ओरडलो. कलालणीला निरोप पाठवतेस? ताई म्हणतेस? माझ्या धोतराला अजून गटाराचा वास येत होता.

शनिवारी दुपार कलताना मी पुन्हा तिथं गेलो. गेलो तो लाज वाटत होती म्हणून नव्हे. त्या संध्याकाळी ऑफिसातली मंडळी यायची होती — आमचे हेडक्लार्क नानासाहेब, माझा दोस्त दत्तू आणि आणखी दोघे. मी त्यांना फुशारकी मारून ठेवली होती की जुन्या इंदुरात एक बाई आहे, माझ्यासाठी वेगळं राखून ठेवते, चला, दाखवतो. म्हणून आधी जाऊन जागा पाहावी.

मी पोचलो तेव्हा सरकारी गोदामातून दारूचं पिंप घेऊन बैलगाडी आली होती. गल्लीचा उतार तुम्हाला सांगितलाच. गाडी थांबेना, मागे सरकू लागली. गाडीवान बैलांना आवरत होता, गेंदालालनं पिंपाला खांदा दिला होता, आणि भूरीबाई ओरडली, "बाबूजी, भाटो! भाटो लगाव!"

भाटो म्हणजे माळवीत दगड. कडेला एक काळा दगड पडलेला होता, तो मी दोन्ही हातांनी उचलला आणि चाकामागे लावला. गाडी थांबली. पिंप उतरलं. भूरीबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहून हसली. मग गेंदालाल गाडीवानाबरोबरच निघून गेला. गाडीवान गौतमपुऱ्याचा, आणि यांच्या मामाकडे तिथं लग्न होतं. पिंपाचा सरकारी पास गेंदालालच्या खिशातच राहिला. हे त्या वेळी कुणाच्याच लक्षात आलं नाही. दगड तिथंच राहिला.

हे नीट ध्यानात ठेवा. पिंप गोदामाचं होतं. ते गाडीवरून उतरताना मी पाहिलं. चाकाला दगड मी लावला.

दिवेलागणीला मंडळी आली. मी यजमानासारखा पुढे. नानासाहेब चादरीशिवाय कुठं बसले नसतील जन्मात, त्यांच्यासाठी सतरंजी अंथरून घेतली. भूरीबाईनं पाच पेले मांडले. चार भरले. आणि पाचवा — माझा — तिनं उचलला आणि माझ्यासमोर उपडा ठेवला.

अजून एक थेंब पडला नव्हता त्यात! कोरडा ठणठणीत पेला!

"काल घणी हुई गी, बाबूजी," ती म्हणाली. "आज नी."

काल फार झाली, आज नाही. एवढंच. तिनं आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. पण नानासाहेब हसले, मग सगळेच हसले. दत्तू म्हणाला, "भिया, पारखीचा पेला तर उघडायच्या आधीच उलटा!" आणि मी तासभर त्या चौघांना पिताना पाहत बसलो, समोर उपडा पेला घेऊन. मीही हसत होतो. असं हसू तुम्ही कधी हसला आहात का? गाल दुखतात.

तिचं काही चुकलं होतं का? आदल्या दिवशी मी गटारात होतो. माझी बायको तिला ताई म्हणाली होती, ते तिनं मनावर घेतलं असेल. तिची रीत होती आणि तिनं ती पाळली. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच तळपायाची आग मस्तकात गेली. खोट्या अपमानाचा इतका राग येत नाही हो. खऱ्याचा येतो.

रविवारी सकाळी मी तिला जाब विचारायला निघालो. वाटेभर वाक्यं जुळवत होतो — माझे वडील कोण होते, तू कोण, असली. गल्लीच्या तोंडाशी गेलो तर कलालीसमोर खाकी शिपाई उभे.

आबकारीचा नवा इन्स्पेक्टर ग्वाल्हेरहून आला होता. आपल्यातलाच, मराठी. नव्या साहेबाला नव्या साहेबासारखं काहीतरी करून दाखवायचं असतं. त्यानं पिंप पाहिलं आणि पास मागितला. पास गौतमपुऱ्याला. खाकी पाहून हमाल-टांगेवाले केव्हाच पसार झालेले. दुकानात एकटी भूरीबाई. इन्स्पेक्टर विचारत होता, माल आला कुठून, आणि ती त्याला सांगत होती, "या तो काल ज उतारी हे, साब."

आता हा 'उतारी' शब्द पाहा. गाडीवरून माल उतरवतात, तेही उतारणंच. आणि भट्टी लावून घरच्या घरी दारू गाळतात, त्यालाही आमच्याकडे उतारणंच म्हणतात. पहिलं रोजचं काम आणि दुसरा गुन्हा. इन्स्पेक्टर त्या शब्दाशी थबकला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर थबकला नसता. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि त्याला मी दिसलो — टोपी, कोट, आपला माणूस. मी कलालीत येणाऱ्यांतला नव्हे, रस्त्यानं जाणारा सभ्य गृहस्थ, असं त्यानं धरलं. मीही धरू दिलं.

"तुम्ही इथले ना?" त्यानं मराठीत विचारलं. "काल उतारी म्हणते. गाडीवरून, की भट्टीवरून?"

मी उत्तर दिलं नाही. ऐकताय ना? पहिल्या प्रश्नाला मी खोटं बोललो नाही. मी फक्त मूग गिळून उभा राहिलो. मी मनात म्हणत होतो, फुटू दे हिला जरा घाम. घटकाभर. मग सांगू की. मला तिचा चेहरा उतरलेला पाहायचा होता, बस.

आणि तिचा चेहरा उतरला नाही. तोच तर घात झाला. मला पाहून ती खुलली. तिला वाटलं, सुटले, बाबूजी आले. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबूजी, काल भाटो लगायो थो नी!"

अहो, काल दगड लावला होता ना! तुम्ही, हा शब्द तिनं उच्चारलाही नाही. माझ्यावर काही ढकलत नव्हती, नुसती आठवण देत होती. चाकामागचा तो दगड अजून तिथंच होता, माझ्या चपलेपासून हातभर अंतरावर.

ग्वाल्हेरच्या माणसाला माळवी कुठून येणार? त्याला भाटो कळेना. त्याच्या कानात आधीपासून एकच शब्द घोळत होता, त्याला तोच ऐकू आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणते? काल भट्टी लावली होती म्हणते?"

भट्टी असती तर ती लगाई म्हणाली असती. ती लगायो म्हणाली. पुल्लिंगी. एवढं व्याकरण मला येत होतं, वडिलांनी छडी मारून शिकवलं होतं.

मी म्हणालो, "हो."

एक अक्षर. लोक खोटं बोलतात तेव्हा गोष्ट रचतात, शपथा घेतात, घाम फुटतो त्यांना. मला काही म्हणजे काही लागलं नाही. कुणी धमकावलं नव्हतं. कुणी आमिष दाखवलं नव्हतं. एक पेला उपडा पडला होता आणि चार माणसं हसली होती, बास. एवढ्यासाठी.

भूरीबाईला मराठी फारसं कळत नसे, पण हो कुणाला कळत नाही? ती माझ्याकडे पाहतच राहिली. रागानं नाही — आपलंच काही ऐकायला चुकलं असेल, असं काहीसं. मग तिनं दगडाकडे बोट दाखवलं. पुन्हा म्हणाली, भाटो, साब, भाटो. इन्स्पेक्टर मान हलवत राहिला, हो हो, कळलं, भट्टी. जितक्यांदा ती खरं सांगे तितक्यांदा ती कबुली होत होती, आणि मी दोघांच्या मधे उभा होतो. दोन्ही भाषा येणारा त्या गल्लीत मी एकटा होतो.

शिपायांनी मागच्या अंगणातली चूल आणि तांब्याचा हंडा बाहेर काढला. तो आंघोळीच्या पाण्याचा हंडा होता, जुन्या इंदुरात घरोघरी असतो तसा. त्याची भट्टी झाली. पिंप उताराच्या तोंडाशी नेऊन ओतलं. सबंध गल्लीला मोहाचा वास सुटला, आणि ती धार दगडाला वळसा घालून नदीकडे गेली. भूरीबाईला त्यांनी पायी चालवत नेलं. दारातून निघताना तिनं भेरूजीला हात जोडले. माझ्याकडे पाहिलं नाही.

मंगळवारी गेंदालाल पास घेऊन आला. पण पास पिंपाचा, आणि पिंप रिकामं. हा कागद त्याच मालाचा कशावरून? बाईनं तर एका सभ्य गृहस्थासमोर स्वतःच्या तोंडानं कबूल केलेलं. गोदामात कुणी विचारलं असतं तर कळलं असतं. गाडीवानाला बोलावलं असतं तर कळलं असतं. कुणी कशाला विचारील? ठेका रद्द झाला, आणि भूरीबाईला सहा महिन्यांची कैद झाली.

त्या सहा महिन्यांत मी काय केलं, म्हणाल? काही नाही. आबकारीच्या दारापर्यंत जाऊन परत आलो, रात्ररात्र झोप लागली नाही — असं काही असेल अशी तुमची अपेक्षा असेल. दारापर्यंतही गेलो नाही. झोप चांगली लागे. ऑफिसात दत्तूनं विचारलं, "भिया, वो भूरीबाई का क्या हुआ?" आणि मी म्हणालो, "घरीच भट्टी लावत होती म्हणे." म्हणे! काय सोयीचा शब्द दिलाय आपल्या भाषेनं. वाक्याच्या शेवटी टांगला की पाप दुसऱ्याचं. नानासाहेब म्हणाले, तरीच, असल्या बायकांचं असंच असतं. मी मान डोलावली.

आणि घरी बायको म्हणाली, "काही म्हणा, बाई भली होती. त्या दिवशी माणूस लावून तुम्हाला घरी पाठवलं तिनं." हे ती पुढे कित्येक वर्षं अधूनमधून म्हणे, भाजी निवडताना, काही कारण नसताना. दर वेळी मी उठून बाहेर जाई. तिला वाटे, मला गटाराची आठवण नको असते. ती गेली, तोवर तिला तसंच वाटत होतं.

भूरीबाई मला पुन्हा एकदाच दिसली. पोलोग्राउंडच्या कलालीबाहेर टोपलीत उकडलेले चणे आणि कांदा घेऊन बसली होती. ते धिप्पाड शरीर अर्धं झालेलं. मी आत उभा होतो, पेला हातात, तिसरा की चौथा. तिनं मला ओळखलं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पेल्याकडे. मला वाटलं, आता उठेल. आता येईल आणि हिसकावून घेईल, उपडा घालील. खरं सांगतो, मी वाट पाहिली. पण ती कलाली तिची नव्हती. तिनं नजर वळवली आणि एका कामगाराला चणे बांधून दिले. मी पेला संपवला. आणखी एक मागवला.

तिच्या कलालीच्या जागी पुढे पिठाची गिरणी आली. गिरणीवाल्यानं तो काळा दगड पायरीला लावला. लोक दळण घेऊन त्याच्यावर पाय देऊन चढतात. मी त्या गल्लीनं जातो कधी. जायला हरकत काय? मला कुणी ओळखत नाही.

मग आज हे का बाहेर काढलं? गेल्या दिवाळीच्या फराळाला माझं कलालीपुराण झालं, टाळ्या झाल्या, आणि माझी नातसून जवळ येऊन बसली. नागपूरची आहे, नवीन आहे, तिला इकडच्या बोलीचं फार कौतुक. म्हणाली, "आजोबा, आपल्या कामवाल्या बाई सारखं भाटो भाटो म्हणतात. तुम्ही इथले ना? भाटो म्हणजे काय हो?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी इंदूरचा जुना माणूस, मेमरीवाला. माझ्या हातात चिवड्याची बशी होती. प्रश्न तोच, आणि या वेळी समोर खाकी नव्हती, राग नव्हता, उपडा पेला नव्हता, काहीही नव्हतं. एक पोरगी अर्थ विचारत होती. आणि मी म्हणालो, "ठाऊक नाही बुवा."

म्हणजे तेव्हा रागानं झालं, असं मी जे इतकी वर्षं स्वतःशी धरून बसलो होतो, तेही गेलं. राग नसतानाही मी तेच केलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात — माझा तर सुंभही जळलेला नाही.

पोरगी दुसऱ्या कुणाला तरी विचारेल, तिला कळेलही. ते वेगळं. तिथं, त्या उतारावर, रविवारी सकाळी, मला विचारलं होतं.

दगड. भाटो म्हणजे दगड, साहेब. गाडीच्या चाकाला लावतात तो. मी लावला होता.